नर्सिंगमधून ॲम्ब्युलन्सकडे वळायचंय? गाडीत चढण्याआधी एवढं समजून घ्या

रात्रीचे दोन वाजलेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठव्या महिन्यातली गरोदर बाई आणली जाते. बीपी खूप वाढलेलं, झटके येऊन गेलेले, दातखीळ बसलेली. मेडिकल ऑफिसर औषधाचा पहिला डोस देतात आणि सिव्हिलला रेफर करतात. सिव्हिल सत्तर किलोमीटरवर, मध्ये घाट. १०८ दुसऱ्या कॉलवर गेलेली, म्हणून केंद्राचीच गाडी काढली जाते. बाईसोबत मागे कोण बसणार? ड्युटीवरची सिस्टर.

ग्रामीण भागात काही वर्षं काढलेल्या नर्सना अशी फेरी नवीन नसते. त्या दीड-दोन तासांपुरतं ते ॲम्ब्युलन्सचंच काम असतं. फक्त त्याला तसं नाव नसतं, आणि त्याचं वेगळं ट्रेनिंगही मिळालेलं नसतं. काहींना ती फेरी नकोशी वाटते. काहींना मात्र तिथेच कळतं की वॉर्डातल्या रोजच्या कामापेक्षा आपला हात इथे जास्त चालतो. मग विचार सुरू होतो, हेच काम कायमचं केलं तर?

करता येतं. पण महाराष्ट्रात हा रस्ता सरळ नाही. तो नीट न समजता उडी मारली, तर कोर्सची फी आणि हातातली नोकरी दोन्ही जाण्याची भीती असते.

१०८ वर नर्स का दिसत नाही?

ॲम्ब्युलन्स म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो १०८ नंबर. देशात ही सेवा २००५ मध्ये हैदराबादेतून सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. सुरुवातीच्या आखणीत राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे एएलएस, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या, म्हणजे बीएलएस.

बऱ्याच राज्यांत १०८ च्या गाडीत ईएमटी असतो, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. महाराष्ट्राने वेगळी पद्धत ठेवली. इथे गाडीत डॉक्टर बसतो, आणि तो बहुतेक वेळा बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस झालेला असतो. सोबत ड्रायव्हर, त्याला पायलट म्हणतात. त्यामुळे नर्ससाठी राज्याच्या १०८ वर मागे बसण्याची ठरलेली जागा नाही.

१०२ ची गाडी गरोदर माता आणि बाळांसाठी. घरून आणणं, मोठ्या दवाखान्यात नेणं आणि परत सोडणं हे तिचं मुख्य काम. तिच्यासोबत नर्स जाते ती गरज पडली म्हणून, केंद्रातली ड्युटी सांभाळून. ती ॲम्ब्युलन्सवरची नेमणूक नसते.

म्हणून कुणी ‘कोर्स करा, १०८ वर लावून देतो’ असं सांगत असेल, तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या पदावर? पदाचं नाव आणि भरतीची जाहिरात दाखवता येत नसेल, तर विषय तिथेच संपवावा.

मग जागा कुठे आहेत?

पहिली जागा मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या स्वतःच्या ॲम्ब्युलन्सची. व्हेंटिलेटरवरचा पेशंट एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवताना आयसीयूची नर्स सोबत लागते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुणे, मुंबई, नागपूर, संभाजीनगरकडे जाणाऱ्या लांबच्या फेऱ्या यातच येतात. नर्सिंग झालेल्यांना सगळ्यात जवळचा दरवाजा हाच.

दुसरी जागा कारखान्यांची. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम असावी, असं कायदा सांगतो. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांत आरोग्य केंद्र आणि गाडी मिळून नर्सची ड्युटी असते. कॉल कमी, पण आला तर भाजल्याचा, उंचावरून पडल्याचा, मशीनमध्ये हात सापडल्याचा.

तिसरी जागा राज्याबाहेरची. गोव्यात २००८ पासून १०८ सेवा आहे आणि तिथे गाडीत ईएमटी असतात. या पदासाठी अनेक राज्यांत विज्ञान पदवीधरांबरोबर नर्सिंग झालेले उमेदवारही घेतले जातात. निवड झाल्यावर सेवा चालवणारी संस्थाच ट्रेनिंग देते. सिंधुदुर्गातल्या मुलांना गोवा जवळ. तिकडचे गंभीर पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात, त्यामुळे हा रस्ता ओळखीचाही आहे.

चौथी जागा एअर ॲम्ब्युलन्सची. जाहिरातीत ती भारी दिसते, पण संधी मोजक्या, शहरांतल्या, आणि आयसीयूचा पक्का अनुभव असल्याशिवाय तिथे विचार होत नाही.

वॉर्ड आणि गाडी: काम कुठे बदलतं?

वॉर्डात नर्स एकटी नसते. आवाज दिला तर दुसरी सिस्टर येते, डॉक्टर फोनवर तरी असतात, ऑक्सिजन भिंतीतून येतो, लाइट कायम असतो. गाडीचं दार लागलं की यातलं काहीच उरत नाही. सुरुवातीच्या फेरीतली तीच गरोदर बाई घेऊ आणि काम कसं बदलतं ते पाहू.

निघण्याआधी नर्सला विचारावं लागतं: मॅग्नेशियम सल्फेटचा डोस किती दिला, कसा दिला, किती वाजता? आरोग्य केंद्रातून रेफर करताना दोन्ही कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम असा दहा ग्रॅमचा पहिला डोस देता येतो. तो चिठ्ठीवर वेळेसकट लिहिलेला नसेल, तर सिव्हिलमध्ये एक तर पुन्हा दिला जाईल, नाही तर उरलेला दिलाच जाणार नाही. दोन्ही वाईट. औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट पेटीत आहे ना, हे दार लावण्याआधी डोळ्यांनी बघायचं असतं.

पुढचा हिशेब ऑक्सिजनचा. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटरने सोडला तर दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. गेज अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. घाट आहे, रस्त्याचं काम चालू आहे, पोचायला दोन तास लागणार आहेत. म्हणजे अर्ध्या सिलिंडरवर निघायचंच नाही. वॉर्डात हा हिशेब करायची वेळ फारशी येत नाही. गाडीत तो प्रत्येक फेरीला करावा लागतो.

गाडी चालू झाली की स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी होतो, इंजिन आणि रस्त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. बीपी मग मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून घ्यावं लागतं आणि फक्त वरचा आकडा मिळतो. श्वास मोजायचे ते छातीकडे बघून. बाई डाव्या कुशीवर, सक्शन हाताशी, कडेचे पट्टे लावलेले. पुन्हा झटका आला तर तोंडात काही कोंबायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पडू द्यायचं नाही आणि तोंडातली लाळ काढायची. हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हाताने स्वतःला धरून ठेवावं लागतं.

वाटेत प्रसूती सुरू झाली तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबवायची. पळत्या गाडीत बाळ घ्यायचं नसतं. बाळ लगेच पुसायचं, आईच्या अंगावर ठेवून पांघरायचं. ते रडलं नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास द्यायला सुरुवात करायची. नातेवाईक ‘गाडी का थांबवली’ म्हणून ओरडत असतात. गाडी थांबवण्याचा निर्णय नर्सचा असतो, आणि तो ठामपणे घ्यावा लागतो.

फरक आहे तो इथे. हातातली कामं बरीचशी तीच असतात. पण माहिती कमी, मदत नाही, आणि पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते स्वतः ठरवायचं. ज्यांना डॉक्टरांनी सांगितल्यावर काम नीट करण्याची सवय आहे, त्यांना सुरुवातीला हे जड जातं. ज्या कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत राहिल्या आहेत, त्या लवकर रुळतात.

काय सोबत येतं, काय शिकावं लागतं?

नर्सच्या हातात बरंच काही आधीच असतं. शीर सापडणं, औषधाचा हिशेब, पेशंटच्या चेहऱ्यावरून तब्येत बिघडतेय हे ओळखणं, बाळंतपण, रात्रीच्या ड्युटीची सवय. नुसता कोर्स करून आलेल्या नवख्या मुलाला हे यायला वर्षं लागतात.

नव्याने शिकायच्या गोष्टी वेगळ्या. अपघातातल्या पेशंटची मान न हलवता त्याला ट्रॅक्टरखालून किंवा गाडीतून बाहेर काढणं. रक्तस्राव जागेवर दाबून थांबवणं. ईसीजीची पट्टी वाचून हृदयाचा झटका ओळखणं आणि कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं ते त्यावरून ठरवणं. डिफिब्रिलेटर आणि गाडीतला व्हेंटिलेटर चालवणं. घटनास्थळी आधी स्वतःची सुरक्षितता बघणं: विजेची तार पडली आहे का, विहिरीत गॅस आहे का, फवारणीचं औषध पेशंटच्या कपड्यांवर आहे का. विषबाधेच्या पेशंटचे कपडे न काढता त्याला बंद गाडीत घेतलं, तर त्रास सोबत बसलेल्यालाही होऊ शकतो.

सीपीआर सगळ्यांनी नर्सिंगमध्ये शिकलेला असतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. गाडीत बदलायला माणूसच नसतो. म्हणून पायलटलाही सीपीआर शिकवलेला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

कोर्सच्या नावाखाली फसू नका

‘सहा महिन्यांत पॅरामेडिक डिप्लोमा, नोकरीची हमी’ असे फ्लेक्स एसटी स्टँडवर दिसले, तर एक कायदा लक्षात ठेवावा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ॲलाइड हेल्थकेअर क्षेत्रासाठी राष्ट्रीय आयोग आणला. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हे पद आहे. या कायद्यानुसार ॲलाइड हेल्थ प्रोफेशनलचा डिप्लोमा किंवा पदवी निदान दोन वर्षांची आणि दोन हजार तासांची हवी. हेल्थकेअर प्रोफेशनलची पदवी निदान तीन वर्षांची आणि ३,६०० तासांची हवी. सहा महिन्यांचा कागद या व्याख्येत बसत नाही.

छोटे कोर्स वाईटच असतात असं नाही. बीएलएसचा एक दिवसाचा आणि एसीएलएसचा दोन दिवसांचा कोर्स कामाचा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्सचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, नंतर पुन्हा करावं लागतं. ही कौशल्याची प्रमाणपत्रं आहेत. त्याने कुणी पॅरामेडिक होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. नर्सकडे स्वतःची नोंदणी असतेच.

जास्त खर्च करायचाच असेल, तर नर्सिंगच्या आत राहून करता येतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंग आणि क्रिटिकल केअर नर्सिंग हे त्यातले दोन. बीएस्सी झालेल्यांसाठी क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्सही आहे. कॉलेजला मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या यादीत बघून मगच फी भरावी.

आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, ती म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. गाडीवरच्या धावपळीत ते राहून गेलं, तर परत हॉस्पिटलमध्ये येताना अडचण होते. सरकारी भरतीचा विचार असेल तर वयाकडेही लक्ष हवं. राज्यात खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षं ही सर्वसाधारण मर्यादा आहे. ‘चार वर्षं गाडीवर काढू, मग बघू’ म्हणताना हा हिशेब करावा.

परदेशाचं स्वप्न असेल तर तिथेही दोन्ही व्यवसाय वेगळे धरतात. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी एका संस्थेकडे आणि पॅरामेडिकची दुसऱ्या संस्थेकडे होते. इथल्या ॲम्ब्युलन्सवरच्या अनुभवाने तिथे आपोआप पॅरामेडिक होता येत नाही.

नर्सचा हात कुठपर्यंत?

या कामातला सगळ्यात नाजूक भाग हा आहे. औषध डॉक्टरांच्या आदेशावर द्यायचं, असं नर्सने शिकलेलं असतं. गाडीत डॉक्टर नसेल तर आदेश कोणाचा? चांगल्या सेवेत याचं उत्तर लेखी असतं. कोणत्या लक्षणाला कोणतं औषध, किती, आणि कोणत्या वेळी डॉक्टरांना फोन करायचाच, याची सही-शिक्क्याची कार्यपद्धती असते. फोनवर दिलेला आदेश लिहून घेऊन नंतर डॉक्टरांची सही घेतात. असं काही नसेल आणि ‘तुम्ही अनुभवी आहात, बघून घ्या’ एवढंच सांगितलं जात असेल, तर उद्या काही झाल्यावर नर्स एकटी पडते.

मृत्यू झाल्याचं जाहीर करणं हे डॉक्टरचं काम आहे, नर्सचं नाही. नाडी लागत नसेल तर सीपीआर चालू ठेवून पेशंटला हॉस्पिटलपर्यंत न्यायचं. ‘गेलेत, घरी घेऊन चला’ असा दबाव आला तरी ते आपल्या अधिकारात नाही, हे शांतपणे सांगावं लागतं. विषबाधा, भाजणं, अपघात या केसेस पोलिसांकडे जातात. तेव्हा किती वाजता पोचलो, पेशंट कसा होता, काय केलं, याची वेळेसकट नोंद हाच नर्सचा आधार असतो.

नातेवाइकांचा राग गाडीतल्या माणसावर निघतो, हेही धरून चालावं. नोंदणीकृत नर्सवर कामावर असताना हल्ला झाला, तर राज्याच्या २०१० च्या कायद्याखाली तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण अंधारात, अनोळखी वस्तीवर कायदा लगेच धावून येत नाही. म्हणून रात्रीच्या कॉलला गाडीत किती माणसं असतील, हा प्रश्न सिस्टरने विचारलाच पाहिजे, आणि ब्रदरनेही.

शरीर आणि घर

स्ट्रेचर उचलणं हे रोजचं काम आहे. पाठ आणि गुडघे आधी बोलतात. काहींना बंद गाडीत मागे तोंड करून बसलं की मळमळतं. ते सवयीने कमी होतं, पण सगळ्यांचं होत नाही. जेवणाची वेळ नसते. लांबच्या फेरीत ड्युटी संपल्यावरही घरी पोचायला पहाट होते. ज्या घरात लहान मूल किंवा आजारी सासू-सासरे आहेत, तिथे हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

मनावरचा भारही वेगळा. वॉर्डात पेशंट बरा होऊन घरी जाताना दिसतो. गाडीवर पेशंट सोपवला की संबंध संपतो. तो वाचला की नाही हे बऱ्याचदा कळतच नाही. लहान मुलाच्या केसनंतर दोन दिवस झोप लागत नाही. अशा वेळी बोलायला कुणी असणं ही चैन नाही, गरज आहे.

होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

१. नेमणूक पत्रावर पद कोणतं लिहिलंय: स्टाफ नर्स, ईएमटी, की नुसतं ‘अटेंडंट’? अनुभवाच्या दाखल्यावर पुढे हेच येतं.

२. गाडी कोणत्या प्रकारची? बाहेर ‘कार्डियाक’ लिहिलं म्हणून ती एएलएस होत नाही. आत मॉनिटर, डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर आणि सक्शन चालू स्थितीत आहेत का, ते स्वतः बघावं.

३. डॉक्टर गाडीत असतो की फोनवर? फोनवर असेल तर लेखी कार्यपद्धती आहे का?

४. अपघात विमा कुणाचा, किती रकमेचा? पीएफ कापला जातो का? पगार फिक्स की फेरीवर?

५. लांबच्या फेरीनंतर सलग किती तास विश्रांती? पायलटलाही ती मिळते का? झोप न झालेला पायलट हा नर्सच्याही जिवाला धोका आहे.

६. सुई टोचली किंवा रक्त अंगावर उडालं, तर उपचार कोण करणार?

७. पहिले किती दिवस अनुभवी माणसासोबत पाठवणार? ‘उद्यापासून एकटीने’ असं उत्तर आलं, तर थांबावं.

सुरुवात कुठून करावी?

नुकतंच जीएनएम झालेल्यांनी थेट गाडीवर जाऊ नये. दोन वर्षं कॅज्युअल्टी किंवा आयसीयूत काढावीत, त्यात थोडे दिवस लेबर रूमही मिळवावी. त्याच काळात बीएलएस, एसीएलएस करून घ्यावं. ज्या हॉस्पिटलला स्वतःची ॲम्ब्युलन्स आहे, तिथे पेशंट हलवण्याच्या फेऱ्या मागून घ्याव्यात. पाच-दहा फेऱ्यांत कळतं की हे काम आपलं आहे की नाही. नसेल, तर काही बिघडलं नाही. वॉर्ड तिथेच असतो.

एएनएम झालेल्यांना यातल्या बऱ्याच जागा मिळत नाहीत. पण आरोग्य केंद्रातून रेफरच्या फेऱ्या त्यांच्याही वाट्याला येतात. त्यांनी निदान तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: निघण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब, चिठ्ठीवर औषध आणि वेळ, आणि पोचणार त्या हॉस्पिटलला निघतानाच फोन.

त्या फोनमुळे फरक पडतो. सत्तर किलोमीटरचा घाट उतरून गाडी सिव्हिलच्या दारात लागते, तेव्हा लेबर रूम तयार असते. सिस्टर चार वाक्यांत सांगते: कोण आहे, काय झालं, काय दिलं आणि किती वाजता, वाटेत काय बदललं. बाई आत जाते. सिस्टर सिलिंडरचा गेज बघते, वहीत वेळ लिहिते आणि परत पुढे पायलटशेजारी बसते. सकाळी आठला तिची ओपीडीची ड्युटी असते.